पत्री

लोहा–कंधार रस्त्याला, पेट्रोल पंपाच्या अलीकडं
आमचा भाता.
शेजारी रज्जाकभाईचं वेल्डिंग,
निळा उजेड पडतो, मिनिटात सांधा.
सटवादादा तिकडं बघत नाही.
म्हणतो, चिकटवलेलं जनावर उभं राहतं,
पायावर वजन टाकत नाही.

छोट्या हातोडीनं तो जागा दाखवतो,
घण मी मारते.
टिण् – धप्प. टिण् – धप्प.
हातोडी ऐरणीवर आडवी टेकली की थांबायचं.
आई बापासमोर अशीच मारायची,
मी पोटात असतानासुद्धा.
ताल मला कुणी शिकवला नाही.

बैल घेतला दिवाळीनंतर.
फासळ्यांना गाड्यांच्या धावा.
चाकं चुलीत गेली, धावा राहिल्या.
मानेला ट्रकचे कमानपाटे,
वशिंडाला गुळाच्या काहिलीचा बूड;
तापला की अजून
जळक्या पाकाचा वास सुटायचा
आणि पंपावरची पोरं नाक वर करायची.
तीच काहील ठोकत ठोकत पोळीला,
कातडीसारखी लोंबेपर्यंत.
"कौशे, हलक्या हातानं. गळा हाय त्यो."

शिंगांना दोन पहारी.
एक रात्रीत वाकली,
दुसरी चार दिवस हट्टाला पेटली.
"ऱ्हाऊ दे," दादा म्हणला,
"खऱ्याची तरी कुठं सारखी असत्यात."

काम अडलं खुरांपाशी.
मग त्यानं बापाचा डालड्याचा डबा काढला.
बापानं जन्मभर मारलेल्या,
झिजून, गळून त्याच्याकडं परत आलेल्या पत्र्या,
वाळल्या पानाएवढ्या.
प्रत्येकीचा एक कोपरा जास्त खाल्लेला:
हा उजवीकडं ओढणारा,
हा उताराला भिणारा,
हा शेजारच्या बैलाचंही वजन वाहिलेला.
बापाला बैल तोंडावरून नाही, पत्रीवरून कळायचा.
आता दारात ट्रॅक्टर थांबतात.
हवा कुठं भरून मिळंल, विचारतात.

पत्री मारायची तर बैल पाडावा लागतो.
दादानं दोर घेतला.
लोखंडाला कुणी दोर लावतं?
पण त्यानं बापासारखाच फास टाकला,
पुढचे दोन, मागचे दोन,
मला म्हणला, शेपटीकडं हो.
रज्जाकभाई डोळ्यांवरची काच वर करून बघत राहिला.
बैल कुशीवर गेला. पायाखालची जमीन वाजली.
दादानं मानेवर गुडघा ठेवला
आणि सवयीनं पुटपुटला,
"हो, हो राजा… झालं, झालं."
चार पायांना आठ पत्र्या.
खिळेसुद्धा बापाचेच.

उठवायला सात माणसं लागली
आणि रज्जाकभाईची साखळी-कप्पी.
उभा राहिला तेव्हा
मागचा डावा पाय जरासा उचललेला,
नवी पत्री मारलेला बैल
पहिली चार पावलं टाकतो तसा.
दादानं तो तसा वाकवला नव्हता,
मीही नाही.
पडताना वाकला असंल.
सरळ करायचं नाव कुणी काढलं नाही.

नांदेडचे हॉटेलवाले येऊन गेले.
फोटो काढले, दादाचं नाव लिहून घेतलं.
पाठीवरचे खळगे बोटानं चाचपत
एकजण म्हणाला, काय हात आहे तुमचा!
दादानं माझ्याकडं बघितलं.
मी भात्यातली राख काढत होते, काढत राहिले.
काळा ऑईलपेंट मारून द्या, म्हणाले, चकचकीत.
"लाल कंधारी हाय," दादा म्हणला.
"त्याचा रंग त्याला येऊ द्या."
म्हणजे गंज?
"हाव. गंज."

तेव्हापासून तो बाहेर उभा आहे,
पौषाच्या दवात.
रोज भाता निवला की
ज्या दोणीत फाळाला पाणी देतो
त्याच दोणीतलं काळं पाणी मी बादलीनं काढते,
पाठीवर ओतते, वशिंडावर,
पोळीच्या घड्यांमधून खाली उतरेपर्यंत थांबते.

आज कानामागं तांबूस आलंय.
बोटाला लागतंय.